लिंबाच्या काट्यावर टांगलेला सरडा: खाटीक पक्ष्याची ओळख, शिकार आणि कोठार

परसदार
परसातल्या लिंबावर एक सरडा काट्याला अडकवलेला आहे. नोंदी जशाच्या तशा देतो.

जागा जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर, झाडाच्या आतल्या बाजूला. काटा मानेतून आरपार गेलाय. कवटी वरून फोडलेली, बाकी अंग शाबूत. त्याच फांदीवर वीतभर पुढे दोन नाकतोडे, त्यातल्या एकाला मुंडकं नाही. तिसऱ्या काट्यावर नुसती तंगडी.

समोरच्या तारेवर एक पक्षी एकटाच बसून असतो. डोळ्यावर काळी पट्टी, डोकं करडं, पोट पांढुरकं, शेपटी काळी आणि लांब. बुलबुलापेक्षा मोठा दिसतो, पण त्यात शेपटीचाच वाटा जास्त. ओरडणं खरखरीत. काल मात्र त्याच तारेवरून टिटवीचा आवाज आला आणि तारेवर टिटवी नव्हती, हाच होता.

तीन प्रश्न: पक्षी नक्की कोणता, हे टांगणं त्याचंच का, आणि सरडा काढून टाकावा का?

शंकासुर
पक्षी काट्यात सरडा ओवतो हे जरा अति वाटतं. पोरांचा उद्योग असेल. नाकतोडे वाऱ्यानेही काट्यात अडकतात.

काटेकोर
शंकासुर, पोरं सरडा टांगतील हो, पण नाकतोड्याचं मुंडकं खाणार नाहीत.

वाऱ्याने अडकलेला किडा पंखातून किंवा पायातून अडकतो, काट्याच्या टोकाशी लोंबतो आणि हात लावला की सुटतो. इथे काटा मानेतून गेलाय. शिवाय एकाच फांदीवर तीन-चार नग आहेत, कमी-जास्त खाल्लेले. हे खाटकाचं कोठार आहे. लॅनियस हे या पक्ष्यांचं शास्त्रीय वंशनाम, आणि लॅटिनमध्ये लॅनियस म्हणजे खाटीकच. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये हेच नाव नोंदवलं. आपल्याकडे बघणाऱ्यांनाही तेच सुचलं.

आता कोणता खाटीक ते. परसदार, दोन गोष्टी बघून सांगा. पाठीचा शेपटीकडचा भाग आणि कुशी तांबूस आहेत की नाहीत? आणि उडताना शेपटीच्या मुळाशी पांढरा ठिपका चमकतो का? बसलेल्या पक्ष्याच्या फोटोवरून घाई करू नका. पंख मिटलेले असले की नेमका हाच भाग झाकला जातो.

परसदार
कंबर आणि कुशी तांबूस आहेत. उडताना शेपटीजवळ पांढरं काही दिसलं नाही.

काटेकोर
मग नकल्या खाटीक. शास्त्रीय नाव लॅनियस शाक, त्यातलं शाक हे त्याच्या ओरडण्यावरूनच आलंय. लांबी साधारण 25 सेंमी, म्हणजे साळुंकीएवढी, पण त्यातली बरीचशी शेपटी. वजन 50 ग्रॅमच्या आसपास. टिटवीचा आवाज काढला म्हणालात तिथेच खरं तर ओळख पटली होती. टिटवी, कोकीळकुळातले पक्षी, खार, कुत्र्याचं पिल्लू, अशा बऱ्याच नकला तो करतो. म्हणून फक्त आवाज ऐकून यादीत पक्षी लिहिणाऱ्यांनी या पठ्ठ्याला जपून असावं. टिटवी ऐकू आली आणि आसपास मोकळं माळरान नसेल, तर आधी तारेकडे बघा.

गोंधळ होतो तो पुढच्या मंडळींशी. छोटा खाटीक 17-18 सेंमीचा, पाठ गडद विटकरी, पंखावर पांढरा डाग आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा भाग. राखी खाटकात तांबूस रंग औषधालाही नसतो. सगळा करडा, पंख काळे-पांढरे, पट्टी रुंद. तपकिरी खाटीक वरून तपकिरी, पट्टीच्या वर पांढरी भुवई. तो भारतात फक्त हिवाळ्यात असतो, त्यामुळे भर उन्हाळ्यात दिसला असं कोणी म्हटलं तर फोटो मागावा.

नकल्यातही प्रदेशाप्रमाणे फरक आहे. उत्तर-पश्चिमेकडच्या पक्ष्यांच्या पाठीवर तांबूस रंग खांद्यापर्यंत चढतो, दक्षिणेकडच्यांत तो कमरेपुरता राहतो. पुस्तकातल्या चित्राशी पाठ जुळली नाही म्हणून जातच वेगळी, असं समजू नका.

शंकासुर
ठीक, पोरांना माफ केलं. पण शिकारी पक्षी असेल तर पंज्यात धरून खाईल की. शिक्रा कुठे काटे शोधत फिरतो?

दुसरी दुर्बीण
शंकासुर, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. खाटकाकडे पंजाच नाही.

तो शिक्रा-ससाण्यांच्या गटातला नाही. चिमणी, बुलबुल, सुगरण यांच्यासारखाच फांदीवर बसणारा गाणारा पक्षी आहे. पाय त्यांच्यासारखेच, फांदी धरायला उत्तम. पण सरडा दाबून धरून फाडायचा तर ते कमी पडतात. नाकतोडा, भुंगा असला किरकोळ माल तो पायात धरून खातो. मोठा ऐवज आला की पंचाईत. चोचीने ओढावं तर अख्खी शिकारच ओढली जाते, तुकडा निघत नाही. भाकरी एका हाताने मोडून बघा, म्हणजे अडचण कळेल. काटा हा त्याचा दुसरा हात. एकदा शिकार काट्यात पक्की बसली की चोचीने हिसका देऊन तुकडे काढता येतात.

चोच मात्र खरोखर शिकाऱ्याची आहे. वरच्या चोचीचं टोक आकड्यासारखं खाली वळलेलं, आणि टोकामागे दोन्ही कडांना एकेक टोकदार दाता. ससाण्याच्या चोचीतही असा दाता असतो. दोघांचं घराणं वेगळं, पण हत्यार सारखं, आणि ते दोघांनी आपापलं कमावलेलं.

मारण्याची पद्धत अशी. खाटीक उंचावर बसून खालच्या मोकळ्या जमिनीवर नजर ठेवतो. हालचाल दिसली की सरळ खाली झेपावतो. किडा असेल तर डोकं चिरडतो. सरडा, उंदीर, छोटा पक्षी असेल तर मानेच्या मागच्या बाजूला चावे घेतो. दाता मणक्यांच्या मध्ये शिरतो, मज्जारज्जू तुटतो आणि शिकार लुळी पडते. त्यानंतर मान धरून तो तिला झटके देतो. अमेरिकेतल्या लॉगरहेड खाटकाचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उंदराला सेकंदाला सुमारे 11 वेळा गरगर हलवल्याचं मोजलं गेलं. त्या झटक्यांत उंदराच्या अंगाला गुरुत्वाकर्षणाच्या सहापट प्रवेग बसत होता. डोकं चोचीत धरलेलं आणि धड मागे फिरतंय, म्हणजे सगळा पीळ मानेवर. मागून गाडीची धडक बसल्यावर माणसाची मान जशी लचकते, त्याच जातीचा हा मार. पन्नास ग्रॅमचा पक्षी जवळजवळ स्वतःच्या वजनाचा प्राणी कसा लोळवतो, त्याचं उत्तर या झटक्यात आहे.

नवशिकी
बाप रे. उंदीर इतका जड तर तो उचलून काट्यापर्यंत नेतो कसा?

दुसरी दुर्बीण
हलकं असेल तर चोचीतून, जड असेल तर उडताना पायात धरून. पायांना फाडायचं बळ नाही म्हटलं, पण वाहून न्यायला ते पुरतात. जड ओझ्यासह त्याला उंच चढता येत नाही, म्हणून तो जमिनीलगत उडत जवळच्या झुडपात शिरतो. मोठे नग बहुतेक वेळा खालच्या फांद्यांवर सापडतात ते यामुळे. कोठार शोधताना वर बघत मान मोडून घेऊ नका, गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत बघा.

बोरीबाभळी
ओवण्याबद्दल थोडं. दुर्बिणीतून हे पाहायला मिळालं तर नजर हलवू नका, सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा असतो.

खाटीक शिकारीला वरून काट्यावर आपटत नाही. फांदीवर बसून ती काट्याच्या पलीकडे नेतो आणि मग स्वतःकडे व खाली खेचतो, डावी-उजवीकडे हलवत. चोचीची पकड बहुधा मानेजवळ असते, म्हणून काटाही मान, गळा किंवा छातीतून जातो. पहिल्या खेचीत बसलं नाही तर पकड बदलून पुन्हा. बसल्यावर एकदा ओढून बघतो. निसटलं तर पुन्हा पहिल्यापासून.

काटा कोणता, यावर बरंच काही अवलंबून आहे. लिंबाचा काटा ताठ आणि मुळाशी जाड, सरड्यालाही पेलतो. बाभळीचा लांब आणि सरळ. त्यावर शिकार मुळापर्यंत सरकते आणि निसटत नाही, म्हणून बाभूळ त्याला फार सोयीची. बोरीच्या जोडकाट्यांत एक सरळ आणि एक वाकडा असतो. वाकड्यावर ओवणं कठीण, पण ओवलेलं सुटणं त्याहून कठीण. बोगनवेलीचा कोवळा काटा वाकतो, जून झालेला चालतो. निवडुंगाच्या बारीक काट्यांवर किडे टिकतात, जड माल टिकत नाही, काटाच मोडतो.

काटेरी झाड नसेल तर कुंपणाची काटेरी तार चालते. तीही नसेल तर दोन फांद्यांच्या बेचक्यात मान अडकवून ठेवतो. तेव्हा आसपास काटे नाहीत म्हणून खाटीक नाही, असा हिशेब मांडू नका. बेचकीतला माल बघणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही, एवढंच.

परसदारांच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल: सरडा काढू नका. वास येतोय म्हणून काढावासा वाटेल, पण एवढा सरडा उन्हात दोन-तीन दिवसांत वाळून चामड्यासारखा होतो आणि वास थांबतो. मुंग्या लागल्या तर त्याआधीच फस्त होतो. दाराशी किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी असेल तर फांदीच्या शेंड्यासकट कापून त्याच झुडपाच्या मागच्या बाजूला खोचा. उघड्या हाताने धरू नका.

शंकासुर
पण मग खातो कुठे? कवटी फोडली आणि बाकी सगळा सरडा तसाच. नाकतोडाही अख्खा लटकतोय. पोटापुरतं मारावं की. हे तर हौसेने मारणं झालं.

काटेकोर
हौस नाही, साठवण. कवटी आधी फोडणं ही नकल्या खाटकाची नोंदलेली सवय आहे. कित्येकदा तो डोकं किंवा मेंदू तेवढा खातो आणि बाकीचं टांगून ठेवतो. परत येऊन खातोच असंही नाही. मुंग्या नेतात, वाळून कडक होतं, पाऊस सडवतो. शिकारीचा दिवस मात्र बेभरवशाचा असतो. वारा सुटला किंवा झड लागली की किडे बाहेर पडत नाहीत. त्या दिवशी टांगलेलं कामी येतं.

पण साठवण एवढंच कारण धरलं तर अर्धीच गोष्ट कळते. तीन अभ्यास सांगतो.

पहिला इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या करड्या खाटकांवरचा, 1989 मध्ये प्रसिद्ध झालेला. विणीच्या आधी नर आपापल्या हद्दीत कोठार मांडतात, तेही नजरेत भरेल असं. खाण्याच्या मालाबरोबर पिसं, चिंध्या असल्या बिनकामाच्या वस्तूही लटकवतात. संशोधकांनी काही नरांच्या कोठारात भर घातली आणि काहींचं कोठार उचललं. भर पडलेल्यांना जोडीदारीण लवकर मिळाली आणि पिल्लंही जास्त झाली. ज्यांचं उचललं त्यांना जोडीदारीण मिळाली नाही, ते जागा सोडून गेले. परसदार, सरडा काढू नका याला हेही एक कारण जोडा.

दुसरा जपानमधला, 2019 सालचा, बुलहेडेड खाटकावर. तिथे नर हिवाळ्यात टांगतात आणि विणीच्या तोंडावर, जानेवारीच्या सुमारास, सर्वात जास्त खातात. ज्याने जास्त खाल्लं तो जलद गातो, आणि जलद गाणाऱ्याला जोडी मिळते. इथेही कोठारात भर घालून आणि उचलून पडताळा घेतला होता. नेगेव्हमध्ये मादी कोठार बघते, जपानमध्ये कोठार खाऊन आलेलं गाणं ऐकते. कूळ एक, पण वापर दोन तऱ्हांचा.

तिसरा मला सर्वात आवडणारा. अमेरिकेच्या आग्नेय भागात लबर नावाचा मोठा, भडक रंगाचा, विषारी नाकतोडा असतो. बहुतेक पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. लॉगरहेड खाटीक त्याला मारून काट्यावर टांगतो आणि एक-दोन दिवस तोंड लावत नाही. तेवढ्यात विष विरतं. मग खातो. तेव्हा "मारून खात नाही" असं दिसलं तर घड्याळाकडे बघा, कदाचित पदार्थ अजून तयार व्हायचाय.

शंकासुर
हौस हा शब्द मागे घेतला. पक्षी मुरवण घालतो हे आता कोणाला सांगायचं तर तो मलाच शंकासुर म्हणेल.

पिंजरेवाला
थोडा वेगळा मुद्दा, पण या धाग्यावर तो यायलाच हवा. ज्यांच्याकडे उघड्यावर मुनिया, बजरीगर, फिंच यांचे पिंजरे आहेत त्यांच्यासाठी खाटीक हा खरा धोका आहे.

तो पिंजऱ्याच्या बाहेरच्या जाळीला लटकतो. आतले पक्षी घाबरून फडफडतात आणि जाळीवर आदळतात. तेवढ्यात तो जाळीतून डोकं किंवा मान पकडतो. सकाळी पिंजरा बंद, कडी शाबूत आणि आत डोकं नसलेला पक्षी, असं दिसलं की लोक उंदराला दोष देतात आणि विष ठेवतात. उंदीर तळाशी पुरावे ठेवून जातो: लेंड्या, कुरतडलेलं लाकूड, सांडलेले दाणे. खाटकाच्या बाबतीत फक्त जाळीच्या कडेला पिसं आणि रक्त.

उपाय दुहेरी जाळीचा. आतली आणि बाहेरची जाळी यांत निदान 5 सेंमी अंतर, भोक 12 मिमीपेक्षा मोठं नको. दुहेरी बसवताना लोक एक चूक हमखास करतात. दोन्ही जाळ्या एकाच चौकटीच्या एकाच बाजूला ठोकतात. मग त्या मध्यभागी झोल येऊन एकमेकींना चिकटतात आणि अंतर शून्य होतं. चौकटीच्या आतून एक आणि बाहेरून एक ठोका, आणि मोठी चौकट असेल तर मध्ये आडवी पट्टी द्या. बसायच्या दांड्या पिंजऱ्याच्या मधोमध ठेवा. मागची बाजू आणि वरचा अर्धा भाग फळीने बंद करा, म्हणजे घाबरलेल्याला पळायला जागा राहते.

काटेकोर
पिंजरेवाले, उंदराच्या विषाबद्दल बोललात ते बरं केलंत. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर खाटकाच्या हाती आयता लागतो आणि विष पुढे सरकतं. फवारणीचंही तसंच. खाटकाचं पोट मुख्यतः मोठ्या किड्यांवर चालतं. नाकतोडे, टोळ, भुंगे, रातकिडे. बाग फवारून निर्जंतुक केली आणि वर खाटीक यावा अशी इच्छा धरली, तर ते जमायचं नाही.

नवशिकी
तारेखाली छोट्या काळपट गोळ्या पडलेल्या दिसतात, कडक, मधे चमकदार तुकडे. विष्ठा आहे का?

दुसरी दुर्बीण
नाही ताई, त्या ओकलेल्या गोळ्या. घुबडासारखाच खाटीकही न पचणारा भाग गोळी करून तोंडातून टाकतो. चमकदार तुकडे भुंग्यांच्या कडक पंखांचे.

उघडून बघायची असेल तर साधारण 2 सेंमी लांबीची, न फुटलेली घ्या. हातमोजे घाला. पांढऱ्या बशीत कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, मग चिमट्याने आणि टाचणीने अलगद सोडवा. घाई केली तर सगळ्याचा भुगा होतो आणि काहीच ओळखू येत नाही. नाकतोड्याचे जबडे गडद आणि दातेरी असतात, ते टिकतात आणि सहज ओळखता येतात. जोडीजोडीने मोजले की किती नाकतोडे खाल्ले ते कळतं. सरड्याचे खवले पातळ आणि पारदर्शक, बशीच्या कडेला चिकटतात. उंदीर असेल तर केस आणि जबड्याचं हाड सापडेल. झाल्यावर हात साबणाने धुवा, बशी पुन्हा स्वयंपाकघरात नको.

परसदार
निरीक्षणासाठी किती लांब बसावं? जवळ गेलो की उडून शेजारच्या खांबावर बसतो.

दुसरी दुर्बीण
20-25 मीटर. 8 बाय 42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची दुर्बीण त्याला पुरते. पण अंतरापेक्षा दिशा महत्त्वाची. तो बसलाय ती जागा आणि त्याच्यासमोरची मोकळी जमीन, या दोहोंच्या मधे बसू नका. ती त्याची शिकारीची जमीन, तिथे तुम्ही असलात की तो जागा बदलणारच. त्याच्या पाठीमागे किंवा बाजूला बसा. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बोलावू नका. हद्दीवर घुसखोर आला समजून तो शिकार सोडून तुमच्या फोनशी भांडत बसतो.

एक गंमत बघा, सकाळी आणि संध्याकाळी तो कोणत्या दिशेला तोंड करून बसतो ते लिहून ठेवा. डोळ्यावरची काळी पट्टी नुसती शोभेची नाही. मास्क्ड खाटकावर 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही पक्ष्यांची पट्टी पांढरी रंगवली होती. त्यांची शिकार कमी साधली आणि ते सूर्याकडे तोंड करणं टाळू लागले. काळा रंग डोळ्याजवळची चमक खातो. काही खेळाडू डोळ्यांखाली काळं फासतात, तसलंच काहीसं.

बोरीबाभळी
कोठाराची नोंद कशी ठेवायची तेही सांगून टाकतो, कारण बहुतेकांच्या नोंदी निरुपयोगी ठरतात. "आज तीन किडे दिसले" याचा उपयोग नाही. उद्या तीनच दिसले तर तेच तीन की नवे, हे कळत नाही. झाडाचं कच्चं चित्र काढा, फांद्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येक नगापुढे लिहा: काय आहे, काटा अंगातून कुठून गेला, जमिनीपासून उंची, किती खाल्लेलं. दिवसातून दोनदा ठरल्या वेळी बघा, सकाळी नऊच्या आत आणि सूर्यास्ताआधी. काट्याला दोरा, कागद काही बांधू नका.

विणीचा काळ असेल तर आणखी जपून. नकल्या भारतात मुख्यतः मार्च ते जुलै घरटं करतो. काटेरी झुडपातच काटक्या, चिंध्या, केस यांचा खोल वाटा, 3 ते 6 अंडी. कोठार आणि घरटं जवळजवळ असू शकतं. पक्षी तुमच्या डोक्यावरून घिरट्या घालत खरखरू लागला तर नोंद तिथेच सोडा आणि मागे फिरा. या महिन्यांत काटेरी कुंपण छाटू नका. छाटणी आधी किंवा नंतर करा, आणि तेव्हाही सगळे काटेरी शेंडे एकदम उडवू नका.

पिंजरेवाला
मुद्दाम किडे खाऊ घालून त्याला जवळ आणण्याबद्दल काय मत?

बोरीबाभळी
नको. त्याला तुमचा किडा नको असतो, जागा हवी असते. दोन-तीन मीटर उंचीचा एक उघडा खांब किंवा सुकी फांदी, खाली आखूड गवताची मोकळी जमीन, आणि बाजूला काटेरी झुडूप. गवत गुडघाभर वाढलं की वरून किडे दिसत नाहीत, म्हणून तो निघून जातो. लोकांना वाटतं पक्षी रुसला.

परसदार
पंधरा दिवसांच्या नोंदी सारांशाने देतो. चित्र काढून क्रमांक टाकले होते.

सरडा: दुसऱ्या दिवशी पुढचे पाय गेले. चौथ्या दिवशी पूर्ण वाळला. सहाव्या दिवशी दुपारभर पाऊस झाला, त्यानंतरच्या सकाळी मागचा भाग आणि शेपूट गायब. उरलेली कातडी अजून तिथेच.
नाकतोडे: एकूण नऊ आले. पाच त्याच दिवशी खाल्ले, दोन मुंग्यांनी नेले, एक काट्यावरून निसटून खाली पडला, एक आहे.
मधमाशी: एक. टांगली नाही. फांदीवर पुन्हा पुन्हा घासली आणि गिळली.

कालपासून एक नवा पक्षी येतोय. मळकट तपकिरी, छातीवर खवल्यांसारख्या रेघा, शेपटी आखूड. मोठा खाटीक त्याला हाकलत नाही, भरवतो. हा नवा एक वाळकं पान चोचीत धरून लिंबाच्या फांदीवरून ओढत होता. भूक लागली की काय खावं हेही कळत नाही का त्याला?

काटेकोर
पिल्लू आहे, नुकतं घरट्याबाहेर पडलेलं. पान खायला नाही, सरावाला. ओवायची ओढ उपजत असते, कसब नसतं. सुरुवातीला काहीही धरतात, पान, काटकी, आणि फांदीवरून नुसतं ओढत नेतात, कुठेतरी अडेल या आशेने. काट्याच्या नेमक्या बाजूला नेऊन स्वतःकडे खेचायचं हे त्यातून हळूहळू जमतं. नोंद करताना पानाची दिशा लिहा, फांदीच्या लांबीने ओढतं की काट्याच्या रोखाने. काही दिवसांत फरक दिसेल.

शंकासुर
पान अडकलं का शेवटी?

परसदार
फांदीच्या लांबीने ओढत होतं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा देठाजवळ काटा घुसला आणि पान फाटलं, अर्धं चोचीत राहिलं, अर्धं काट्यावर. चोचीतलं टाकून दिलं, काट्यावरच्या तुकड्याला एकदा ओढून बघितलं, आणि तारेवर जाऊन ओरडायला लागलं. मोठा नाकतोडा घेऊन आला.